फी का वाढली, संप का झाला? सार्वजनिक विद्यापीठाचा कारभार कागदावरून कसा वाचावा

सार्वजनिक विद्यापीठात फी वाढली, एखादा विभाग बंद झाला किंवा सहायक शिक्षक संपावर गेले, की सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य असतं: "प्रशासनाने ठरवलं." हे प्रशासन म्हणजे नेमकं कोण, हे विचारलं की मात्र उत्तर येत नाही. ते शोधून काढता येतं. त्यासाठी वकील किंवा हिशेबनीस असण्याची गरज नाही. निर्णयाचा अधिकार कुणाचा, पैसा कोणत्या खात्यातून आला आणि कामाचा करार काय म्हणतो, एवढं चिकाटीने पाहावं लागतं.

उदाहरणासाठी कॅलिफोर्निया विद्यापीठ घेऊ. दहा कॅम्पसच्या या विद्यापीठाचे बरेच कागद उघड असतात, त्यामुळे हात बसवायला ते सोयीचं आहे.

पहिली पायरी: अधिकार कुठून आला ते पाहा

विद्यापीठ साध्या कायद्याने चालतं की राज्यघटनेने त्याला स्वायत्तता दिली आहे, हे सगळ्यात आधी तपासा. साधा कायदा विधिमंडळ उद्या बदलू शकतं. घटनेतली तरतूद तशी बदलता येत नाही. कॅलिफोर्नियात दोन्ही प्रकार शेजारी शेजारी आहेत. कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी ही वेगळी व्यवस्था कायद्याने चालते, तर १८६८ मध्ये स्थापन झालेलं कॅलिफोर्निया विद्यापीठ १८७९ च्या राज्यघटनेने रीजंट मंडळाच्या, म्हणजे त्याच्या सर्वोच्च नियामक मंडळाच्या, हाती सोपवलं. म्हणून त्याच्या अंतर्गत कारभारात आमदारांना सहसा थेट हुकूम सोडता येत नाही. त्यांच्या हातात असतं ते अनुदान आणि त्याला जोडलेल्या अटी. निवेदन कुणाच्या दारात न्यायचं, हे या एका फरकावर ठरतं. चुकीच्या दारात उभं राहून महिने वाया घालवणारे लोक कमी नसतात, म्हणून ही पायरी गाळू नका.

मग मंडळाच्या सदस्यांची यादी काढा. रीजंट २६ असतात. त्यांतल्या १८ जणांना गव्हर्नर, म्हणजे राज्य सरकारचे निवडून आलेले प्रमुख, नेमतात, मुदत १२ वर्षांची. सात जण पदसिद्ध, त्यांत खुद्द गव्हर्नरही येतात. एक विद्यार्थी असतो आणि त्याला मताचा अधिकार असतो. प्राध्यापकांचे दोन प्रतिनिधी बैठकीत बसतात, बोलतात, पण मत देऊ शकत नाहीत. प्रत्येक नावापुढे दोन गोष्टी लिहा: नेमणूक कुणी केली आणि मुदत कधी संपते. बारा वर्षं म्हणजे गव्हर्नरच्या तीन कार्यकाळांइतका काळ. त्यामुळे आज मत देणारा सदस्य कधीच पायउतार झालेल्या गव्हर्नरने नेमलेला असू शकतो.

दुसरी पायरी: सल्ला आणि निर्णय यांत गल्लत करू नका

१९२० पासून या विद्यापीठात प्राध्यापकांच्या अकॅडेमिक सिनेटला अभ्यासक्रम, पदव्या आणि प्रवेशाच्या अटी यांबाबत मंडळाने अधिकार दिलेले आहेत. ऐकायला हे भक्कम वाटतं. पण दिलेला अधिकार देणारा मागेही घेऊ शकतो. प्रवेशासाठी सॅट आणि एसीटी या परीक्षा ठेवायच्या का, यावर सिनेटने अभ्यासगट नेमला. त्याने तूर्त परीक्षा ठेवाव्यात असं सुचवलं आणि सिनेटनेही तोच कौल दिला. मे २०२० मध्ये रीजंटांनी २३ विरुद्ध ० मतांनी या परीक्षा टप्प्याटप्प्याने बाद केल्या. निर्णय बरोबर की चूक यावर वाद घालता येईल. शेवटचा शब्द कुणाचा, यावर मात्र त्यानंतर वाद उरला नाही. तुमच्या विद्यापीठात असा मतभेदाचा एखादा प्रसंग शोधा. नियमावलीपेक्षा त्यातूनच जास्त कळतं.

तिसरी पायरी: विषयपत्रिका उघडा

बैठकीची बातमी छापून येते तोवर मतदान झालेलं असतं. म्हणून मूळ विषयपत्रिका वाचायची. कॅलिफोर्नियाच्या खुल्या बैठकांच्या कायद्यानुसार नियमित बैठकीची विषयपत्रिका किमान दहा दिवस आधी जाहीर करावी लागते.

पान उघडलं की वर समितीचं नाव दिसतं आणि त्याखाली विषयाचा प्रकार: 'कृतीचा विषय', 'चर्चेचा विषय' किंवा 'माहितीचा विषय'. नजर तिथे थांबवा. कृतीच्या विषयावर त्याच बैठकीत मतदान व्हायचं असतं. चर्चेच्या विषयावर नाही, आणि म्हणूनच बोलण्याची खरी वेळ ती असते. आज चर्चेत आलेली फीवाढ पुढे कृतीच्या यादीत येते तेव्हा मनं बहुधा तयार झालेली असतात. एकगठ्ठा मंजुरीची यादीही वाचा. तिच्यावर चर्चाच होत नाही.

काही बैठका बंद दाराआड होतात. वाटाघाटी, कोर्टकज्जे, नेमणुका यांसाठी कायदा तशी मुभा देतो. तिथे संशय घेण्यापेक्षा बंद बैठकीनंतर काय जाहीर केलं ते नोंदवून ठेवा.

चौथी पायरी: एकूण आकडा विसरा, खाती मोजा

सगळ्यात जास्त फसगत इथे होते. कॅलिफोर्निया विद्यापीठाचा एकूण अर्थसंकल्प ५० अब्ज डॉलरच्या वर आहे. हा आकडा ऐकला की कुणीही म्हणेल, "एवढा पैसा असताना फी कशाला वाढवता?" पण त्यातला सगळ्यात मोठा वाटा विद्यापीठाच्या रुग्णालयांचा आहे. संशोधनाचं अनुदान ज्या कामासाठी आलं त्यावरच खर्च करावं लागतं. देणगीदारानेही बहुधा अट घातलेली असते. वर्ग, शिक्षक, ग्रंथालय प्रामुख्याने ज्यावर चालतं तो पैसा म्हणजे राज्याचं अनुदान, विद्यार्थ्यांची फी आणि विद्यापीठाचं थोडं स्वतःचं उत्पन्न. याला तिथे 'कोअर फंड' म्हणतात आणि तो एकूण रकमेच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतकाच असतो. फी आणि अनुदान यांची तुलना या पाचव्या हिश्श्यातच करायची.

एवढ्यावर समाधान मानू नका. "हा निधी बांधील आहे" हे उत्तर प्रत्येक वेळी खरं असतंच असं नाही. कोणत्या अटीने बांधील आहे, अट कुणी घातली, हे विचारा. अट बाहेरच्या देणगीदाराची असेल तर गोष्ट वेगळी. मंडळाने स्वतःच ठराव करून रक्कम बाजूला ठेवली असेल, तर तेच मंडळ दुसऱ्या ठरावाने ती मोकळी करू शकतं.

तारखाही लिहून ठेवा. रीजंट साधारण नोव्हेंबरमध्ये राज्याकडे करायची मागणी ठरवतात. गव्हर्नरचा प्रस्ताव १० जानेवारीपर्यंत येतो, सुधारित प्रस्ताव मेच्या मध्यावर, विधिमंडळाला १५ जूनपर्यंत मंजुरी द्यावी लागते आणि १ जुलैला नवं वर्ष सुरू होतं. जूनमध्ये जागं होणाऱ्याच्या हाती फारसं काही लागत नाही.

आणि मागची वर्षं चाळल्याशिवाय राहू नका. १९९० मध्ये इथल्या निवृत्तिवेतन निधीत इतकी शिल्लक होती की विद्यापीठाने आणि कर्मचाऱ्यांनी वर्गणी भरणं थांबवलं. ही सवलत जवळजवळ वीस वर्षं चालली. निवृत्तिवेतनाचे हक्क मात्र दरवर्षी वाढतच होते. मग २००८ ची मंदी आली, राज्याने अनुदान कापलं, विद्यापीठाने कर्मचाऱ्यांना बिनपगारी रजा घ्यायला लावली, नोव्हेंबर २००९ मध्ये रीजंटांनी फी ३२ टक्के वाढवायला मंजुरी दिली आणि २०१० मध्ये बंद पडलेली वर्गणीही पुन्हा सुरू करावी लागली. त्या फीवाढीचं मुख्य कारण राज्याची कपात होतं. पण चांगल्या दिवसांत बाजूला न टाकलेला पैसा वाईट दिवसांतच मागितला गेला, आणि तो भार ज्यांच्यावर आला त्यांतले कित्येक जण सवलत सुरू झाली तेव्हा जन्मलेलेही नव्हते.

पाचवी पायरी: कराराचं पुस्तक घ्या

विद्यापीठात एकच युनियन नसते. परिचारिका, सफाई आणि भोजनगृहातले कामगार, कार्यालयीन कर्मचारी, व्याख्याते, टीचिंग असिस्टंट (शिकवण्यात मदत करणारे पदव्युत्तर विद्यार्थी) यांचे गट वेगळे, करार वेगळे आणि मुदतीही वेगळ्या. संप म्हटला की आधी विचारा: कोणता गट, आणि त्याचा करार संपला आहे की चालू आहे? चालू करारात बहुधा संपबंदीचं कलम असतं, त्यामुळे न्यायालयात त्याचा मोठा फरक पडतो.

कॅलिफोर्नियात १९७९ पासून लागू असलेल्या उच्च शिक्षणातल्या कामगार संबंधांच्या कायद्यात एक तरतूद फार कमी लोकांना ठाऊक असते. दोन्ही बाजूंच्या पहिल्या मागण्या जाहीर बैठकीत मांडाव्या लागतात आणि लोकांना मत द्यायला वाव मिळाल्यावरच वाटाघाटी सुरू होतात. तो कागद मिळवा आणि झालेला करार त्याच्या शेजारी ठेवा. कोण किती सरकलं ते दिसेल. कोंडी झाली तर मध्यस्थी, मग तथ्यशोधन समिती. समितीचा अहवाल बंधनकारक नसतो. त्यानंतरही जमलं नाही तर व्यवस्थापन आपला शेवटचा प्रस्ताव लागू करू शकतं.

१४ नोव्हेंबर २०२२ ला इथे सुमारे ४८,००० शैक्षणिक कर्मचारी संपावर गेले. टीचिंग असिस्टंटच्या नेमणुकीवर '५० टक्के' लिहिलेलं असतं, म्हणजे आठवड्याला सरासरी २० तास. त्याचे नऊ महिन्यांचे किमान सुमारे २३,००० डॉलर मिळत. मागणी होती वर्षाला ५४,००० ची. २३ डिसेंबरला करार मंजूर झाला. त्यानुसार ऑक्टोबर २०२४ पर्यंत किमान वेतन सुमारे ३४,००० वर आणि महागड्या तीन कॅम्पसवर ३६,५०० वर जायचं होतं.

आता हा करार चौथ्या पायरीशी जोडून पाहा. टीचिंग असिस्टंटचा पगार मुख्यतः कोअर फंडातून जातो. संशोधन सहायकाचा बराचसा पगार प्राध्यापकाच्या संशोधन अनुदानातून जातो, आणि ते अनुदान आधीच ठरलेलं असतं. एकच वाढ दोन वेगळ्या खात्यांवर पडते, आणि दुसऱ्या खात्यात भर पडली नाही तर पुढच्या वर्षी जागा कमी होतात. म्हणून पगारवाढ मान्य झाली की लगेच विचारा: ती कोणत्या खात्यातून जाणार, आणि त्या खात्यात तेवढी भर कोण घालणार? माझ्या मते हा प्रश्न विद्यार्थ्यांनीही विचारायला हवा. वर्गात वही तपासणारा माणूस दुसरी नोकरी करून दमून येत असेल, तर नुकसान त्यांचंही होतं.

शेवटची पायरी: बैठकीत बोला

जनतेच्या सूचनांसाठी वेळ असतो, पण प्रत्येकाच्या वाट्याला फार थोडा येतो. पहिल्या वाक्यात विषयाचा क्रमांक सांगा, दुसऱ्यात तुमची मागणी, तिसऱ्यात त्यांच्याच कागदातला एक आकडा, पान क्रमांकासह. आधी घड्याळ लावून मोठ्याने वाचून पाहा. तेच निवेदन मंडळाच्या सचिवांकडे लेखी द्या आणि पोच घ्या.