फुलं बघायला सिंहगड चढायचा तर

पायथ्याच्या आतकरवाडीतून निघून गडाच्या पुणे दरवाज्यात किती मिनिटांत पोचलो, हे घड्याळ लावून मोजणाऱ्यांसाठी ही यादी नाही. त्यांना बूट आणि पाण्याची बाटली पुरते. वाटेत दर दहा पावलांवर वाकायचं असेल, तर मात्र तयारी थोडी वेगळी लागते.

सगळ्यात आधी दिवस ठरवा. गौरी-गणपती ते नवरात्र हा काळ उत्तम. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात, पण सिंहगडाच्या उतारांवर तो त्याहून बराच जास्त टिकतो. तो ओसरायला लागला की सोनकी पिवळी होते. दोन-तीन दिवस पाऊस उघडला असेल तर उत्तमच. रविवार शक्यतो टाळा, कारण रविवारी गडावर फुलांपेक्षा डोकी जास्त असतात. कारवी दिसेलच अशी आशा धरून जाऊ नका. ती सात वर्षांतून एकदा सामूहिक फुलते, एरवी नुसतीच खरखरीत पानं. घाटात दरड पडली की गाडीरस्ता बंद होतो, तेव्हा आदल्या संध्याकाळी बातम्यांवर एक नजर टाका.

सप्टेंबरात पुण्यात सूर्य सव्वासहाच्या पुढेमागे उगवतो. त्या वेळी पायथ्याशी असायला हवं, म्हणजे शहरातून पाचच्या आत निघणं आलं. स्वारगेटहून पीएमपीची बस जाते खरी, पण इतक्या पहाटेसाठी दुचाकी बरी. एवढी घाई शीळकरी कस्तुर या पक्ष्यासाठी. पावसाळ्यात झुंजुमुंजू होताना तो ओढ्याकाठी गातो. एखादा उनाड पोरगा चाल विसरून नुसताच शीळ घालत चाललाय असं वाटतं. ऊन वर आलं आणि माणसांचा आवाज सुरू झाला की तो गप्प होतो. कपाळावर बांधायचा दिवा किंवा छोटी बॅटरी सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवा, तळाशी नको.

बूट खोल खाचांच्या सोलचे आणि पायांत मुरलेले हवेत. ओल्या कातळावर शेवाळ असतं, आणि गुळगुळीत तळाचे बूट चढताना नाही, उतरताना दगा देतात. पूर्ण बाह्या, पूर्ण पँट, मातकट किंवा हिरवट रंग. अत्तर, डिओ घरीच राहू द्या. कड्याला आग्या मोहोळं असू शकतात आणि उग्र वास त्या माश्यांना चालत नाही. पावसाचं जाकीट घ्या. छत्री म्हणजे एक हात अडकला, आणि इथे दोन्ही हात मोकळे हवेत.

एक काठी घ्या. आधाराला तर होतेच, पण गवतात पाय टाकण्याआधी जमिनीवर आपटायला जास्त उपयोगी. विषारी सापांपैकी फुरसं दगडाखाली असतं, तर हिरवा चापडा झुडपाच्या फांदीवर, थेट हाताच्या उंचीला. त्यामुळे तोल जातोय म्हणून न बघता फांदी धरायची नाही. चुकून दंश झालाच तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं यातलं काहीही करू नका. अंगठी-घड्याळ काढा, तो भाग हलू देऊ नका, 108 ला फोन लावा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवरचं प्रतिविष एकच असतं, तेव्हा ओळख पटवायला साप मारून नेण्याची गरज नसते.

आता खरी सामग्री. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. स्टेशनरीच्या दुकानातलं साधं असलं तरी चालेल. ते नसेल तर पाणझिरप कातळावरची सीतेची आसवं म्हणजे नुसता जांभळा शिडकावा. भिंगाखाली एकेक फूल ओठासारखं उघडलेलं दिसतं. ही वनस्पती कीटकभक्षी आहे, पण तिचे सापळे फुलात नसून खाली ओल्या मातीत असतात, डोळ्यांना सहज न दिसण्याइतके बारीक. पिवळ्या कवळ्यावर दोन लाल ठिपके असतात, म्हणून त्याला सगळे मिकी माऊस म्हणतात. तेरड्याची पिकलेली बोंडं बोटानं नुसती दाबली तरी फट्‌कन फुटून बिया उडवतात. मुलं बरोबर असतील तर तिथेच पंधरा मिनिटं जातील, ती धरून चाला. कळलावी मात्र लांबूनच बघायची. लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी देखणी असली तरी अख्खी विषारी, कंद तर फारच. मुलांना हे आधीच सांगून ठेवा.

फोटो काढताना फुलाचा एकच काढून भागत नाही. पान, देठ आणि अख्खं झाड असेही काढा, नाहीतर घरी आल्यावर ओळख पटत नाही. नोंदीला वहीबरोबर पेन्सिल घ्या. ओल्या कागदावर पेन चालत नाही. दुर्बीण असेल तर आठ बाय बेचाळीसची (म्हणजे आठपट मोठं दाखवणारी) पुरे. आणि फोटोत भगवा-नारिंगी कॉसमॉस आला तर त्याला रानफूल म्हणू नका. तो मूळचा मेक्सिकोकडचा. घाणेरी आणि गाजरगवतही परकेच, आणि तिघांनीही पुण्याच्या टेकड्यांवर आपल्या फुलांची जागा खाल्लीय.

खायला गूळ-शेंगदाणे, एखादी दशमी. पाणी माणशी दोन लिटर. खाऊ चेनच्या कप्प्यात ठेवा, हातातली प्लॅस्टिकची पिशवी वानरांना लांबून कळते. त्यांना काही देऊ नका, कौतुकानंही नाही. वर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही मिळतं, तेव्हा डबे वाहून नेण्यात अर्थ नाही. फक्त सुटे पैसे ठेवा, गडावर रेंजचा भरवसा नसतो.

साडेदहापर्यंत उतरायला लागा. परत आल्यावर गाडीत बसण्याआधी बुटांच्या खाचांतली माती काडीनं काढा आणि पँटच्या दुमडीतली कुसळं तिथेच झटका. गाजरगवताच्या बिया याच चिखलातून पुढच्या टेकडीवर जातात, आणि पुढच्या रविवारी तुम्ही राजगडाला जाणार असाल तर तिकडेही.