शनिवार की रविवार? वाद घालायचाच असेल तर

मी शनिवार पाळणारा ख्रिस्ती, मेहुणा रविवारी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पेटी वाजवणारा. शब्बाथावरून, म्हणजे बायबलच्या आज्ञेतला आठवड्याचा विसाव्याचा दिवस कोणता यावरून, आमचं वर्षानुवर्षं भांडण चालू आहे, आणि सुरुवातीला दर वेळी मीच तोंडावर पडायचो. कारण "रोमी सम्राट कॉन्स्टंटाइनने रविवार आणला" हे मी छातीठोकपणे सांगायचो. त्याने एकदा शांतपणे जस्टिन मार्टर या आरंभीच्या ख्रिस्ती लेखकाचं लिखाण काढलं. दुसऱ्या शतकाच्या मध्याला हा माणूस लिहितो, ख्रिस्ती लोक सूर्याच्या दिवशी एकत्र जमतात. कॉन्स्टंटाइनचा रविवारच्या सुट्टीचा हुकूम 321 सालचा. म्हणजे रूढी आधी, कायदा नंतर. तो दाखला विसरा.

पण जस्टिन जमण्याबद्दल बोलतो, काम बंद ठेवण्याबद्दल नाही. म्हणून आधी ठरवून घ्या, भांडण कशावर आहे: उपासनेच्या वारावर की विसाव्याच्या आज्ञेवर? हे न ठरवता बसलात तर दोघं दोन वेगळ्या गोष्टींवर ओरडत राहता.

समोर कोण आहे तेही बघा. कॅथलिक माणसाला "शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, कुठंय?" विचारून काही हाती लागत नाही; त्याच्या लेखी परंपराही प्रमाणच. तो प्रश्न बोचतो तो 'केवळ शास्त्र' म्हणणाऱ्या प्रोटेस्टंटाला. 1530 च्या औग्सबुर्गच्या विश्वासपत्रातच, म्हणजे लूथरवाल्या प्रोटेस्टंटांच्या जाहीरनाम्यातच, नोंद आहे की विरोधक (कॅथलिक) मंडळीच्या अधिकाराचा दाखला म्हणून शब्बाथ बदलल्याचं उदाहरण देतात.

आता बायबलमधली वचनं. रविवारवाले प्रेषितांची कृत्ये 20:7 हमखास काढतात: आठवड्याच्या पहिल्या दिवशी भाकर मोडायला जमले. पुढच्या ओळी वाचायला लावा. माडीवर पुष्कळ दिवे, प्रेषित पौलाचं भाषण मध्यरात्रीपर्यंत, खिडकीत बसलेला तरुण पेंगतो आणि तिसऱ्या मजल्यावरून खाली पडतो. सभा रात्रीची आहे. यहुदी दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. तसं मोजलं तर ही आपली शनिवारची रात्र, आणि पौल रविवारी सकाळी प्रवासाला निघालेला. रोमी पद्धतीने मोजलं तर रविवारचीच रात्र. वचन दोन्ही बाजूंना पुरतं. म्हणून त्यावर सगळा डाव लावू नका, आणि समोरच्यालाही लावू देऊ नका.

लावदिकियाच्या परिषदेचा (धर्मपुढाऱ्यांच्या सभेचा) 29 वा नियम मात्र जवळ ठेवा. चौथ्या शतकात तो ख्रिस्ती लोकांना शनिवारी यहुद्यांसारखं रिकामं बसू नका असं बजावतो. कोणी बसतच नसतं, तर बजावायची वेळ आली असती का?

आपली दुखरी ओळ आपणच आधी काढावी. माझी कलस्सै 2:16: सण, अमावास्या, शब्बाथ यांवरून कोणी तुमचा न्याय करू नये. मी म्हणतो, हे वार्षिक सणांचे शब्बाथ, आठवड्याचा नव्हे. मेहुणा म्हणतो, "दाजी, यहेज्केल 45:17 उघडा." तिथे हेच तिन्ही शब्द एका रांगेत, आणि सण वेगळे सांगून झाल्यावर शब्बाथ, म्हणजे तो आठवड्याचाच. मी अजून तिथेच अडकतो, हे ओळखून तो हल्ली त्या पानात खूणच घालून येतो.