धरणाच्या पाण्यातल्या बोटीवरचा जुना मरीन जनरेटर : सांभाळायचा कसा आणि अडला तर काय बघायचं

मरीन जनरेटर म्हटलं की लोकांना मुंबई नाहीतर रत्नागिरी आठवते, पण आपल्या नंदुरबार जिल्ह्यात अक्कलकुवा-धडगावकडं सरदार सरोवराचा फुगवटा आहे, नवापूरकडं उकाईचा आहे, आणि तिथल्या लाँच-बार्जवर असा एखादा जुना सेट बसवलेला राहतो. नवीन सेटची किंमत ऐकली की माणूस आपोआप जुन्याकडं वळतो. आता हे मशीन बनलंय समुद्रासाठी आणि चालतंय गोड्या पाण्यात, त्यामुळं मॅन्युअलमधलं सगळं जसंच्या तसं लागू होत नाही. काही काळज्या कमी होतात, काही नव्या येतात, आणि नवीनमध्ये एक नंबरला गाळ.

पण त्याआधी सेटवरची माहितीची प्लेट वाचा भाऊ. खरंच वाचा, पुसून, घासून, टॉर्च मारून. अलंगच्या जहाजतोडीतून आलेले पुष्कळ सेट 440 व्होल्ट 60 हर्ट्झचे राहतात, म्हणजे चार पोलचं अल्टरनेटर (वीज तयार करणारा भाग) 1800 आरपीएमवर फिरणारं. आपल्याकडं पाहिजे 50 हर्ट्झ, म्हणजे 1500. तसाच 1800 वर चालवला तर पाण्याची मोटर वीस टक्के जास्त जोरात फिरते आणि सेंट्रिफ्युगल पंप असेल तर पावणेदोन पटीच्या आसपास पॉवर ओढतो, मग मोटर जळली की नाव मोटरवाल्याचं. आणि आरपीएम 1500 वर आणून एव्हीआर (व्होल्टेज स्थिर ठेवणारं कार्ड) मात्र 440 लाच ठेवला तर फील्डमध्ये, म्हणजे मॅग्नेट तयार करणाऱ्या वाइंडिंगमध्ये, करंट जास्त जातो, वाइंडिंग तापतं. त्याच प्रमाणात व्होल्टेज 370 च्या आसपास येतं, ते तिथंच ठेवून लोडही सहावा हिस्सा कमी धरायचा. सेटिंगचा क्रम लक्षात ठेवा, आधी गव्हर्नरच्या (इंजिनाचा वेग सांभाळणाऱ्या भागाच्या) स्क्रूनं हर्ट्झ, नंतर एव्हीआरवर व्होल्टेज. उलटं करत बसलात तर दिवस जाईल. बिनलोड 52 दाखवला आणि लोडवर 50 ला आला तर गव्हर्नर ठीक आहे, त्याला हात लावू नका.

आता पाणी. बाहेरचं पाणी गाळणीतून, रबरी इम्पेलरच्या (पात्यांच्या चाकाच्या) पंपातून हीट एक्स्चेंजरमध्ये जातं, तिथं इंजिनातलं गरम कूलंट थंड करतं, आणि पुढं सायलेन्सरच्या एल्बोत, म्हणजे वाकड्या पाइपात, धुरात मिसळून बाहेर पडतं. सेट सुरू केल्या केल्या पहिली नजर मीटरवर नाही, बोटीच्या बाजूला टाकायची, धुराबरोबर पाणी फेकतंय का. नसेल फेकत तर लगेच बंद, कारण इम्पेलर कोरडा फिरला तर मिनिटभरात त्याची पाती भाजतात. पावसाळ्यात नर्मदा-तापीचं पाणी चहासारखं येतं, त्यातली बारीक रेती पंपाचं झाकण आणि पाती दोन्ही खाते, म्हणून त्या दिवसांत गाळणी रोज उघडायची, शेवाळ, पालापाचोळा, जाळ्याचे दोरे काय काय निघतं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की बोट काठाशी चिखलात टेकते आणि पाणी ओढायचं खालचं तोंड गाळात रुततं, अशा वेळी सेट चालूच करू नका, आधी बोट खोल पाण्यात ढकला.

इम्पेलर बदलताना जुन्याची पाती मोजा. एखादं तुटलेलं असलं तर तो तुकडा कुठंतरी पुढं जाऊन अडकलाय, बहुतेक हीट एक्स्चेंजरच्या तोंडाशी, तो शोधून काढल्याशिवाय नवीन इम्पेलर टाकून उपयोग नाही, सेट परत तापणार. बसवताना ग्रीस लावू नका, रबर फुगतं, ग्लिसरीन नाहीतर भांडी घासायचं लिक्विड लावा, आणि पाती फिरायच्या दिशेच्या उलट, मागं वाकलेली पाहिजेत. आतल्या सर्किटमध्ये, म्हणजे इंजिनाच्या जॅकेटमध्ये, कूलंटच टाकायचं, बादलीभर धरणाचं पाणी ओतून काम भागवलं तर क्षार जमतात आणि मग पाणी बाहेर व्यवस्थित पडत असतानाही इंजिन गरम राहतं. इम्पेलर, गाळणी, कूलंट सगळं ठीक असूनही तापत असेल तर एल्बो खोला. आत कार्बन जमून बोटभर भोक राहिलेलं असतं.

हीट एक्स्चेंजरवर एक झिंकची पेन्सिल असते, लोखंड-तांब्याच्या बदल्यात स्वतः झिजायला. गोड्या पाण्यात झिंकवर थर चढतो आणि ते झिजायचंच बंद होतं, आपण उघडून बघतो तर अख्खं, आणि वाटतं वा, किती टिकलं. टिकलं नाही, ते कामच करत नाहीये. इथं मॅग्नेशियमचा दांडा चांगला. फक्त तीच बोट उद्या खाऱ्या पाण्यात न्यायची असली तर तो काढून झिंक लावा, मॅग्नेशियम समुद्रात फार लवकर संपतं.

सेल्फ मारतोय आणि इंजिन घेत नाही. तर सारखं सारखं सेल्फ मारू नका, बॅटरी उतरते हा एक भाग, पण दुसरा जास्त घातक आहे, इंजिन फिरतंय म्हणजे पंपही पाणी टाकतोय, आणि धूर नसल्यामुळं ते पाणी बाहेर न पडता सायलेन्सर भरून उलटं सिलिंडरमध्ये येतं. दोन-तीनदा मारूनही घेतलं नाही की बाहेरच्या पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करा, सायलेन्सरचं पाणी सोडा, मग प्रयत्न करा, आणि इंजिन लागल्या लागल्या व्हॉल्व्ह उघडा. किल्ली त्या व्हॉल्व्हलाच टांगून ठेवायची म्हणजे विसरणार नाही. सेल्फ "टक्" करून अडकला आणि इंजिन हातानंही फिरत नाही तर जोर करू नका, सिलिंडरमध्ये पाणी आहे, नोझल (डिझेल फवारणारे) काढून हातानं फिरवा, पिचकारी उडेल. नंतर ऑईल बघा, दुधाळ झालं असेल तर बदला, चालवा, परत बदला. बॅटरीचं म्हणाल तर आरामात 12.6 दाखवते आणि सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली जाते, तर एकतर बॅटरी गेली नाहीतर टर्मिनल सडलेत. आधी टर्मिनल घासा, खर्च शून्य.

डिझेल. जुन्या सेटच्या निम्म्या तक्रारी इथंच राहतात. अर्धी भरलेली टाकी पावसाळाभर तशीच ठेवली की आत घाम सुटतो, पाणी तळाशी बसतं आणि डिझेल-पाण्याच्या मधल्या थरात बुरशी-जंतू वाढून काळी साय तयार होते. फिल्टर बदलला की दोन दिवस बरा, परत चोक, तर टाकीच धुवायला झाली असं समजा. डिझेलमधलं पाणी वेगळं करणाऱ्या सेपरेटरच्या बुडाचा नट रोज सकाळी सेट सुरू करायच्या आधी ढिला करून थोडं डिझेल काचेच्या बाटलीत घ्या, खाली पाण्याचा थर दिसतोच.

हवा धरली असेल तर आपल्या शेतातल्या डिझेल इंजिनाची काढतो तशीच काढायची. हँड प्रायमर मारत आधी फिल्टरवरचा स्क्रू, बुडबुडे बंद होईपर्यंत, मग फ्युएल पंपावरचा, मग नोझलच्या पाइपांचे नट ढिले करून सेल्फ, डिझेल फुटकन आलं की आवळा. हाताचं बोट पुढं धरू नका, त्या प्रेशरचं डिझेल कातडीतून आत घुसतं आणि मग थेट दवाखाना. हवा काढूनही रोज परत धरत असेल तर कुठंतरी सक्शनच्या बाजूला नळी चिरलीय नाहीतर कॉपर वॉशर जुना झालाय. आणि एक फसवा प्रकार, सेट मस्त चालू होतो, वीस-पंचवीस मिनिटांनी गुदमरून बंद पडतो, थोड्या वेळानं परत चालतो. टाकीचं झाकण उघडून बघा भो. झाकण उघडं असताना चालत राहिला तर टाकीत हवा जायची नळी बंद आहे, कुंभारीण माशीनं आत मातीचं घर केलेलं असतं.

धुराचं सगळ्यांना माहिती आहे, काळा म्हणजे लोड जास्त किंवा हवा कमी, निळा म्हणजे ऑईल जळतंय. पांढऱ्यात मात्र फरक करा. वाफ असेल तर दोन-चार हातावर विरून जाते, ती पाणी कमी पडतंय म्हणून, आणि डिझेलचा वास मारत पाण्यावर पसरत राहिला तर नोझल नाहीतर कॉम्प्रेशन. आपल्याकडं मे महिन्यात पारा 44-45 ला टेकतो, इंजिनाच्या पेटीत त्याहून जास्त, तेव्हा पेटीला हवा यायला-जायला भोकं ठेवा आणि त्या महिन्यात पूर्ण लोड टाकू नका. पण दहा केव्हीएच्या सेटवर दोन बल्ब आणि चार मोबाइल असं महिनोन्‌महिने चालवणंही वाईट, इंजिन गरमच होत नाही आणि सायलेन्सरमधून काळं तेल गळायला लागतं. निम्म्या ते पाऊण लोडवर राहू द्या.

इंजिन चालतंय आणि करंट नाही. आधी ब्रेकर, मग मीटर लावून थेट अल्टरनेटरच्या टर्मिनलवर बघा. पाच-दहा व्होल्ट दाखवतोय म्हणजे अल्टरनेटरच्या लोखंडातलं मॅग्नेट शिल्लक आहे, एव्हीआर, कार्बन ब्रश किंवा रोटरवरचे डायोड बघा. अगदी शून्य असेल तर बरेच दिवस पडून राहिल्यानं मॅग्नेट उतरलंय. सेट बंद करा, एव्हीआरवरच्या फील्डच्या दोन वायर सोडा, मग लोड न टाकता सेट चालू करून त्या वायरींना 12 व्होल्ट बॅटरी क्षणभर लावा, प्लसला प्लस. व्होल्टेज उसळलं तर अल्टरनेटर चांगला, वायरी परत जोडून बघा, तरी येत नसेल तर एव्हीआर गेला. हे ज्याला करंटची सवय आहे त्यानंच करायचं, ओल्या पत्र्यावर चपलेत उभं राहून नाही.

पावसाळा संपल्यावर पहिल्यांदा चालवायच्या आधी अल्टरनेटरच्या वाइंडिंगला मेगर (इन्सुलेशन मोजायचं मीटर) लावा, 500 व्होल्टचा, एव्हीआर सोडून. एक मेगओहमच्या खाली असेल तर कव्हर उघडून आत 100 वॅटचा बल्ब रात्रभर लावून ठेवा, परत मोजा. बोटीवर 30 मिलिअँपचा आरसीसीबी (करंट गळला की लगेच तोडणारा स्विच) पाहिजेच, लोखंडी बोट, ओले पाय आणि पोरं चढउतार करणारी. ऑईल प्रेशर आणि टेंपरेचरचे स्विच सारखे ट्रिप करतात म्हणून कुणी वायर जोडून बायपास करतो, असा सेट विकत घेताना दिसला तर किंमत निम्मी सांगा. आणि सेट बंद खोलीत असेल तर धुराचा प्रत्येक जॉइंट हातानं तपासा, कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, झोपलेला माणूस उठत नाही.

पाणी उतरल्यावर बोट काठाला लागणार असेल तर टाकी पूर्ण भरा, ऑईल आधी बदला म्हणजे जुनं आंबट ऑईल बेअरिंगवर बसून राहणार नाही, इम्पेलर काढून डब्यात ठेवा, नाहीतर पाती वाकलेलीच राहतात, बॅटरीची निगेटिव्ह सोडा. सायलेन्सरच्या तोंडात फडकं कोंबा आणि स्टार्टरवर चिठ्ठी लावा की फडकं कोंबलंय.

बोटीवर एक पत्र्याचा डबा असू द्या, त्यात दोन इम्पेलर गॅसकेटसकट, डिझेल आणि ऑईल फिल्टर, बेल्ट, कॉपर वॉशर, फ्यूज, एक जास्तीचा एव्हीआर. जुन्या कंपनीचे पार्ट नावानं मागितले तर दुकानदार मान हलवतो, म्हणून इम्पेलरचा बाहेरचा व्यास, उंची, शाफ्टचा व्यास आणि पातींची संख्या मापून झाकणाच्या आतल्या बाजूला पेंटनं लिहून ठेवा, त्या मापावर सुरतेत दुसऱ्या कंपनीचा बसणारा बहुतेक मिळतोच.