पद्मिनीला इलेक्ट्रिक पंखा: सेन्सर चुकला तर सगळं काम वाया

जुनी प्रीमियर पद्मिनी गाडी हायवेवर 70 च्या वेगात गरम होत असेल, तर पंखा बदलून काहीही उपयोग नाही. त्या वेगात समोरून वारा भरपूर मिळतो. तेव्हा दोष बहुधा रेडिएटरची जाळी चोंदल्याचा, वॉटर पंपाचा किंवा बिघडलेल्या टायमिंगचा (ठिणगी पडण्याच्या वेळेचा) असतो. आधी तो काढा. सिग्नलला किंवा घाटातल्या रांगेत उभं राहिल्यावर तापमानाचा काटा चढत असेल, तरच इलेक्ट्रिक पंखा कामाचा. बेल्टवरचा मूळ पंखा इंजिन आयडलला असताना सगळ्यात हळू फिरतो आणि गरज नेमकी तेव्हाच असते.

दुसरी अट अल्टरनेटरची, म्हणजे इंजिनावर फिरून वीज देणाऱ्या यंत्राची. जुन्या गाडीत अजून त्याचा जुना प्रकार, डायनॅमो असेल तर आधी तो बदला. आयडलला डायनॅमो जवळपास काहीच देत नाही. दोन 60 वॅटचे हेडलाइट 10 अँपिअर घेतात, पंखा आणखी 8-10, वर इग्निशन कॉइल. रात्रीच्या ट्रॅफिकमध्ये हे सगळं बॅटरीतून जातं आणि गाडी बंद केली की पुन्हा स्टार्ट होत नाही.

मूळ पंखा काढा, बेल्ट तसाच ठेवा. पंख्याची जाडी गेल्यामुळे पुलीचे तेच बोल्ट आता लांब पडतात. पुली घट्ट बसल्यासारखी वाटते पण बसलेली नसते. आखूड बोल्ट लावा किंवा तेवढ्याच जाडीचे वॉशर घाला.

मारुती 800 चा पंखा स्वस्त आणि पुरेसा आहे. तो जाळीच्या मागे बसून हवा ओढतो. पुढे बसवून तारा उलट्या जोडण्याचा सल्ला ऐकू नका. पंखा उलटा फिरतो खरा, पण पात्यांचा बाक चुकीचा राहतो आणि हवा कमी मिळते. 20 × 3 मिमी लोखंडी पट्ट्यांनी तो रेडिएटरच्या बाजूच्या चौकटीला धरा. पात्यापासून जाळी किमान 10 मिमी आणि इंजिनाकडचा भाग 25 मिमी लांब हवा, कारण इंजिन माउंटिंगवर हलतं. जाळीतून प्लॅस्टिकच्या टाय ओढून पंखा बांधणं तर अजिबात नको. थरथरीने त्या टाय रेडिएटरच्या नळ्यांना घासतात आणि काही महिन्यांत गळती सुरू होते.

आता सेन्सर, म्हणजे पाणी तापलं की पंखा आपोआप चालू करणारा स्विच. गॅरेजमध्ये हमखास सुचवतात, डॅशबोर्डवर बटण लावू. बटण विसरलं जातं, आणि विसरलं की इंजिन तापून हेड गॅस्केट (इंजिनाच्या वरच्या झाकणाखालचं सील) जातं. दुसरा उपाय होजच्या (रेडिएटरच्या रबरी नळीच्या) टोकातून बारीक नळीचा प्रोब, म्हणजे तापमान ओळखणारं टोक, आत सरकवायचा. तिथे क्लिप कितीही आवळली तरी पाणी झिरपतंच. तिसरा, प्रोब जाळीच्या पात्यांत खोचायचा. तो पाण्याचं नव्हे, हवेचं तापमान वाचतो.

खात्रीचा मार्ग एकच: वरच्या होजमध्ये आटे असलेला जोड. होजचा आतला व्यास व्हर्नियरने मोजा आणि लेथवाल्याकडून त्याच मापाची पितळी नळी करून घ्या. मधे M22 × 1.5 आट्यांचा बॉस (स्विच बसवायचा जाड गोल तुकडा) ब्रेझ करून घ्या आणि दोन्ही टोकांना किंचित उभार ठेवायला सांगा, नाहीतर दाब वाढला की होज निसटतो. नळीचा मधला जेवढा भाग उघडा राहणार, तेवढाच तुकडा होजमधून कापून काढा. स्विच 92 अंशांना चालू आणि 87 ला बंद होणारा घ्या. हाच स्विच खालच्या होजमध्ये लावला तर तो फार उशिरा लागेल, कारण तिथे रेडिएटरमधून थंड होऊन आलेलं पाणी असतं. थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) काढून टाकलेला असेल तर परत बसवा. त्याच्याशिवाय इंजिन मोकळ्या रस्त्यावर थंड राहतं आणि पेट्रोल जास्त खातं.

इथेच बहुतेकांचा पंखा अडतो. एका पिनेचा स्विच आपल्या अंगातून अर्थ (गाडीच्या बॉडीशी विजेची जोडणी) घेतो, पण हा जोड दोन्हीकडून रबरात आहे, त्याला अर्थ मिळतच नाही. नळीला एक तार लावून ती बॉडीच्या खरवडलेल्या पत्र्यावर घट्ट बसवा. दोन पिनांचा स्विच असेल तर दुसरी पिन अर्थ करा. आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळू नका, तांब्याचं वॉशर वापरा. बसवण्याआधी स्विच तापत ठेवलेल्या पाण्यात टांगून, थर्मामीटर आणि मल्टिमीटर लावून तपासा. बाजारातले बरेच स्विच छापलेल्या आकड्याला लागत नाहीत.

वायरिंग सोपं आहे. बॅटरीजवळ 20 अँपिअरचा फ्यूज, तिथून 4 चौ. मिमी तार रिलेच्या (छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू करणाऱ्या स्विचच्या) 30 क्रमांकाच्या पिनेला, 87 वरून पंख्याला. 86 ला इग्निशनची (किल्लीची) तार, 85 होजमधल्या स्विचला. पंख्याची मुख्य तार इग्निशनवरून घेऊ नका. किल्ली बंद केल्यावरही फिरता पंखा वीज उलटी सोडतो आणि इंजिन क्षणभर चालत राहू शकतं.

कूलंट भरा, हवा काढा, गाडी आयडलला ठेवा. पंखा लागून काही मिनिटांत बंद व्हायला हवा. चालूच राहिला तर जाळी चोंदलेली आहे किंवा हवा अडकली आहे. लागलाच नाही तर स्विचची तार बॉडीला टेकवून पाहा: पंखा फिरला तर दोष स्विचमध्ये किंवा त्याच्या अर्थमध्ये, नाही फिरला तर रिले, फ्यूज आणि पंख्याची अर्थ बघा. हे तपासताना हात आणि ओढणी, मफलर पात्यांपासून लांब ठेवा.