नागरिकशास्त्राचा तास: मराठवाड्यात नव्याने रुजू होणाऱ्या शिक्षकांसाठी

नागरिकशास्त्राला शाळेत फारसा मान नाही. इतिहासाचे धडे संपले, घटक चाचणी तोंडावर आली, की संसद, न्यायव्यवस्था आणि मूलभूत हक्क दोन-तीन तासांत वाचून उरकले जातात. तुम्ही टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा दिली असेल, दुसऱ्या पेपरमधल्या सामाजिक शास्त्रांच्या 60 गुणांसाठी कलमं पाठ केली असतील, शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवरून नेमणूकही मिळाली असेल. ते पाठांतर उपयोगी पडतं, पण तेरा-चौदा वर्षांच्या मुलांसमोर त्याच्यावर तास निभत नाही. मी मराठवाड्यातल्या एका जिल्हा परिषद प्रशालेत सहावी ते दहावीला हा विषय शिकवतो. माझ्या मते प्रत्येक पाठाच्या शेवटी मुलाला दोनच गोष्टी सांगता आल्या पाहिजेत: एखाद्या कामासाठी कुणाकडे जायचं आणि कोणत्या नियमाने मागायचं. बाकी सगळी माहिती या दोन प्रश्नांच्या आधाराने टिकते.

अभ्यासक्रमाची चढण तशी चांगली आहे. सहावीला स्थानिक शासन संस्था, सातवीला संविधानाची ओळख आणि मूलभूत हक्क, आठवीला संसदीय शासन पद्धती, दहावीला निवडणूक प्रक्रिया, पक्ष आणि चळवळी. अडचण आठवीला येते. राष्ट्रपती, राज्यसभा, महाभियोग यातलं काहीच मुलांनी डोळ्यांनी पाहिलेलं नसतं. म्हणून इयत्ता कोणतीही असो, मी पहिले काही तास ग्रामपंचायतीवरच घेतो आणि तिथून वर चढतो. गावच्या ग्रामसभेसारखीच मोठी सभा दिल्लीत भरते, तिथे आपल्या भागातून कोण जातं, हे मग आपोआप विचारलं जातं. मराठवाड्यातून लोकसभेवर 8 आणि विधानसभेवर 46 जण जातात, एवढं त्या वेळी सांगायचं.

ग्रामपंचायत कार्यालयात मुलांना न्यायचं तर आधी ग्रामसेवकाशी (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी) बोलून घ्या. तिथे भाषण ठेवू नका. सूचना फलक वाचायला लावा. ग्रामसभेची नोटीस कधी लागली, विषयपत्रिकेत काय आहे, हे मुलं वहीत उतरवून घेतात. नमुना 8 चं रजिस्टर दाखवता आलं तर उत्तमच, कारण त्यात प्रत्येकाला आपलं घर सापडतं आणि घरपट्टी किती ते कळतं. कर हा शब्द तिथे पक्का होतो. ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा घ्यावी लागते. गणपूर्तीसाठी गावातले 15 टक्के मतदार किंवा 100 मतदार, यांतली जी संख्या कमी असेल तेवढे हजर लागतात. मुलं घरी जाऊन विचारतात, मागच्या वेळी कोण कोण गेलं होतं? उत्तर बहुतेक वेळा थोडक्यात मिळतं. पण प्रश्न घरात पोचलेला असतो. ज्यांच्या घरी फोन आहे त्यांना ई-ग्रामस्वराज या पंचायतींच्या सरकारी पोर्टलवर आपल्या गावाचा आराखडा उघडून बघायला सांगा. वित्त आयोगाचा निधी कशावर पडला, हे तिथे दिसतं.

या पाठात एक प्रश्न हमखास येतो. राज्यात स्थानिक संस्थांमध्ये स्त्रियांना 50 टक्के जागा राखीव आहेत, असं मी फळ्यावर लिहिलं की मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणतं, "सर, सरपंच माझी चुलती हाय, पण समदा कारभार चुलताच बघतो." वर्ग हसतो. तुम्ही हसू नका आणि त्या मुलाच्या घराबद्दल एक शब्दही बोलू नका. मी एवढंच विचारतो, सभेच्या खुर्चीवर कायद्याने कुणी बसायचं? धनादेशावर सही कुणाची चालते? उद्या चौकशी लागली तर नोटीस कुणाच्या नावाने निघेल? तिन्ही उत्तरं चुलतीकडे जातात. मग मुलीच बोलायला लागतात. त्या चर्चेला पूर्ण तास द्या, पुस्तक पुढच्या तासाला उघडलं तरी चालेल.

वेळापत्रकाबद्दल एक गोष्ट नव्या माणसाला कुणी सांगत नाही. बीड, जालना, परभणी, धाराशिव, लातूर या भागांत दिवाळीच्या आसपास ऊसतोडीचे ट्रक आणि ट्रॅक्टर निघतात. पटावर नाव राहतं, मूल कारखान्याच्या फडावर जातं. काही मुलं हंगामी वसतिगृहात किंवा आजीजवळ राहतात, बाकीची गुढीपाडव्याच्या सुमारास परत येतात. ज्यांना कायद्याची सर्वांत जास्त गरज आहे तीच मुलं दुसऱ्या सत्रात वर्गात नसतात. म्हणून मूलभूत हक्क, शिक्षणाचा हक्क, बालविवाह, शोषणाविरुद्धचा हक्क हे सगळं दिवाळीआधीच शिकवून घ्या, धड्यांचा क्रम बदलला तरी चालेल. कलम 23 मध्ये वेठबिगारीला बंदी आहे हे वाचताना मी मुकादम, उचल (मुकादमाकडून आगाऊ घेतलेली रक्कम) आणि कोयता (ऊस तोडणारी जोडी) याच शब्दांत बोलतो. उचल घेतली म्हणून माणूस बांधला जातो का? फिटेपर्यंत त्याला फडावरून जाऊ न देणं कायद्यात बसतं का? 1976 चा वेठबिगार निर्मूलन कायदा कशासाठी झाला हे त्या मुलांना माझ्यापेक्षा लवकर समजतं. फडावर गेलेल्या मुलाला तिथल्या जवळच्या शाळेत बसण्याचा हक्क आहे, हेही जाण्याआधी त्याच्या आईवडिलांना सांगा.

आता शालेय मंत्रिमंडळ. बहुतेक शाळांत पहिला नंबर येणारा मुख्यमंत्री होतो आणि वर्गशिक्षक बाकीची नावं वाचून दाखवतात. त्यातून मुलं शिकतात ते निवडणुकीच्या नेमकं उलटं. पूर्ण प्रक्रिया करा, मग तिला महिना लागला तरी लागू द्या. आधी मतदार यादी लावा आणि हरकतींसाठी दोन दिवस ठेवा. एखादं नाव मुद्दाम गाळायची गरज नसते, ते राहतंच, आणि ज्याचं राहिलं तो धावत येतो. त्यानंतर अर्ज, छाननी, माघार, चिन्हवाटप आणि प्रचार. माघारीच्या दिवशी मुलं हमखास म्हणतात, बिनविरोध करू, भांडण नको. गावात त्यांनी हेच पाहिलेलं असतं. त्यांना अडवू नका. बिनविरोध ठरवायला कोण कोण बसलं होतं, मुली होत्या का, पलीकडच्या वस्तीतलं कुणी होतं का, एवढं विचारा. आमच्याकडे त्यानंतर बहुतेक वेळा मतदान होतंच.

मतदानाला मोबाइलवरचं मतदान यंत्राचं ॲप चालतं, चिठ्ठ्याही चालतात. मी सुरुवातीला अभिरूप मतदान घेतो. निवडणुकीच्या ड्युटीवर गेल्यावर तुम्हीही ते कराल: लोकसभा-विधानसभेला मतदान सुरू होण्याच्या 90 मिनिटं आधी, उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर किमान 50 मतं टाकून मोजायची, ती पुसून यंत्र शून्यावर आणायचं, मग मोहोर लावायची. हे मुलांसमोर सावकाश करून दाखवलं की यंत्रावर विश्वास का ठेवायचा आणि शंका कुठे व कशी नोंदवायची, दोन्ही कळतं. ग्रामपंचायत आणि जिल्हा परिषदेच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, लोकसभा-विधानसभेच्या भारत निवडणूक आयोग घेतो, हा फरक इथेच सांगून टाका. दहावीपर्यंत मुलं त्यात गोंधळतात. ग्रामपंचायतीला पक्षांची चिन्हं नसतात आणि जिल्हा परिषदेला असतात, हे मात्र त्यांना भिंतींवरूनच माहीत असतं.

मंत्रिमंडळ निवडून झालं की बऱ्याच शाळा थांबतात. खरं शिक्षण त्यानंतर सुरू होतं. हरलेल्यांतून विरोधी पक्षनेता निवडा आणि महिन्यातून एकदा प्रश्नोत्तराचा तास ठेवा. आमच्या एका तासाला सातवीतली एक मुलगी उठली आणि तिने विचारलं, "मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून कडी नाही, ती कधी बसणार?" आरोग्यमंत्री म्हणाला, "सरांना सांगतो." ती खाली बसली नाही. "कधी सांगणार? आणि नाही बसली तर?" आरोग्यमंत्र्याने माझ्याकडे पाहिलं. मी उत्तर दिलं नाही. शाळेतल्या अशा कामाचा निर्णय कुणाच्या हातात असतो ते शोधा, एवढंच सांगितलं. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, निम्म्या स्त्रिया असतात आणि मुख्याध्यापक सचिव असतात, हे मुलांनी स्वतः शोधून काढलं. तिने आणि एका मैत्रिणीने मिळून अर्ज लिहिला. विषय, मागणी, तारीख, सह्या. पहिल्या मसुद्यात "कृपा करावी ही नम्र विनंती" तीनदा आलं होतं. एकदा पुरे म्हटलं, आणि शिक्षणहक्क कायद्यात मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह सांगितलेलं आहे ही ओळ जोडायला लावली. अर्ज कार्यालयात दिला तेव्हा मी त्यांना एकच गोष्ट शिकवली, पोच घ्यायची. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, आवक क्रमांक, तारीख. तो कागद हातात आल्यावर ती मुलगी तो पुन्हा पुन्हा वाचत होती. कडी समितीच्या पुढच्या बैठकीनंतर बसली. मोठेपणी तिला तलाठ्याकडे, तहसीलला, बँकेत जावं लागेल, तेव्हा पोच मागायला ती कचरणार नाही. माहितीच्या अधिकाराचा अर्जही मी याच रीतीने शिकवतो: 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, नेमका प्रश्न, 30 दिवसांची मुदत.

आरक्षणाचा विषय टाळता येणार नाही. मराठवाड्यात 2023 पासून घराघरांत तो बोलला जातोय आणि वर्गात सगळ्या समाजांची मुलं शेजारी शेजारी बसतात. काही सहकारी सांगतील, त्या वाटेला जाऊ नका. मला ते पटत नाही. शाळेने तोंड मिटलं तर मुलं फक्त मोबाइलवरून शिकतात. पण सुरुवातीला नियम फळ्यावर लिहा: कुणी कुणाची जात काढायची नाही, कुणाला स्वतःची सांगायला लावायची नाही, बोलायचं ते प्रक्रियेवर. आणि प्रक्रिया भरपूर आहे. 1992 च्या इंद्रा साहनी निकालातली 50 टक्क्यांची मर्यादा, 2018 चा राज्याचा मराठा आरक्षणाचा कायदा, 5 मे 2021 ला सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द करणं, 2024 चा नवा कायदा. आयोग अहवाल देतो, विधिमंडळ कायदा करतं, न्यायालय तो घटनेवर घासून बघतं. आठवीच्या पुस्तकात हे तीन वेगळे धडे आहेत, इथे ते एकाच गोष्टीत दिसतात. मुलांना हैदराबाद गॅझेट (निजामकाळातलं राजपत्र) आणि जीआर (शासन निर्णय) हे शब्द ठाऊक असतात. मग शासन निर्णय आणि कायदा यांत फरक काय, जीआर कोण काढतं, कायदा कोण करतं, हे विचारा. तुमचं स्वतःचं मत विचारलं जाईल. ते सांगू नका, आणि का सांगत नाही ते मात्र सांगा: मी तुमचा शिक्षक आहे, माझ्या मतामुळे इथे कुणाला आपलं मत गिळावं लागू नये.

कायद्याचे पाठ शिकवण्याआधी तुमची स्वतःची तयारी झालेली असली पाहिजे, कारण तास संपल्यावर एखादी मुलगी थांबते. मुलीचं वय 18 आणि मुलाचं 21 झाल्याशिवाय लग्न लावता येत नाही, हे तुम्ही नुकतंच सांगितलेलं असतं आणि तिच्या घरी पाहुणे येऊन गेलेले असतात. अशा वेळी कुणाकडे जायचं हे तुम्हाला पाठ हवं. गावात ग्रामसेवक हा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. चाइल्डलाइनचा क्रमांक 1098. अंगणवाडीताईंशी तुमची आधीपासून ओळख असू द्या, त्यांच्यामुळे अर्धं काम सोपं होतं. लैंगिक छळाची गोष्ट कानावर आली तर 2012 च्या पॉक्सो कायद्याने ती पोलिसांना कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे, आणि मुलाचं नाव बाहेर फुटू न देणंही. शाळेचं नाव खराब होईल म्हणून "बघू, बोलू" असं कुणी म्हणालं तरी थांबू नका. तालुका विधी सेवा समिती शाळेत शिबिर घ्यायला येते, पत्र दिलं की पुरतं. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींना मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही, हे वकिलाच्या तोंडून ऐकलं की पालकांनाही खरं वाटतं.

आपल्या भागाला या विषयासाठी एक भांडवल मिळालेलं आहे, ते वापरा. 15 ऑगस्ट 1947 ला आपण स्वतंत्र नव्हतो. निजामाच्या राज्यात गश्ती (सरकारी परिपत्रक) क्रमांक 53 प्रमाणे परवानगीशिवाय सभा घेता येत नव्हती. 1938 ला वंदे मातरम् म्हटलं म्हणून विद्यार्थ्यांना महाविद्यालयांतून काढलं गेलं. कलम 19 मधलं सभास्वातंत्र्य यापुढे ठेवा, मुलांना वेगळं स्पष्टीकरण लागत नाही. 17 सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, झेंडावंदनानंतरचा तास यासाठी राखून ठेवा. हा लढा हिंदू-मुसलमानांचा म्हणून सांगितला जाऊ देऊ नका, वर्गातल्या मुसलमान मुलांवर तो अन्याय आहे आणि इतिहासावरही. "इमरोज"चे संपादक शोएबुल्ला खान यांनी भारतात विलीन होण्याच्या बाजूने लिहिलं म्हणून ऑगस्ट 1948 मध्ये त्यांचा खून झाला. एका माणसाच्या मर्जीचं राज्य आणि लोकांचं राज्य यांतला तो झगडा होता. त्यानंतर पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीला छापलेली उद्देशिका वाचायला लावा. "आम्ही, भारताचे लोक" यात आपली पणजी कधी आली, हे मुलांना घरी विचारून यायला सांगा. 1952 ला तिने पहिलं मत टाकलं असेल तर कुठे, कशी गेली, सोबत कोण होतं.

परीक्षेचं दडपण राहीलच. दहावीला इतिहास आणि राज्यशास्त्राचा मिळून 40 गुणांचा पेपर असतो आणि मुख्याध्यापक निकाल विचारतात. संकल्पनाचित्रं आणि "चूक की बरोबर ते सकारण लिहा" असले प्रश्न शेवटच्या दोन महिन्यांत घोटून घ्या. वर्षभर हाताळलेल्या गोष्टींची कारणं मुलांना सुचतात, त्यामुळे त्याला फार वेळ लागत नाही. अंतर्गत गुणांसाठी मात्र संसदेच्या थर्माकोलच्या प्रतिकृती मागवू नका. एक खरा अर्ज, त्याची पोच आणि त्याला मिळालेलं उत्तर, हा प्रकल्प द्या. उत्तर आलं नसेल तर पुढचं अपील कुणाकडे, ते शेवटच्या पानावर लिहायला सांगा.