पावसाळ्यात न फुगणारी कांडी: पऱ्हाटी-कुटाराचे ब्रिकेट बनवताना लक्ष कुठे द्यायचे

श्रावणात ब्रिकेट, म्हणजे काडीकचरा दाबून बनवलेली जळणाची कांडी, फुगली, हातात घेताच तिचा भुगा झाला, की दोष ताडपत्रीला दिला जातो. ताडपत्रीचा वाटा थोडाच असतो. कांडी किती ओल धरणार, हे ती डायमधून (मशीनच्या साच्यातून) बाहेर पडेपर्यंत बरेचसे ठरलेले असते.

पऱ्हाटी (कपाशीच्या काड्या), तुराटी (तुरीच्या काड्या), लाकडाचा भुसा या सगळ्यांत लिग्निन, म्हणजे झाडाचा नैसर्गिक डिंकासारखा घटक, असते. दाब आणि उष्णता एकत्र मिळाली की ते मऊ होऊन कणांभोवती पसरते आणि थंड झाल्यावर कडक होते. ते पाण्यात विरघळत नाही. हाताच्या साच्यात ही उष्णता मिळत नाही, म्हणून शेण, मैद्याची खळ, मळी किंवा चिकणमाती घालावी लागते. हे चारही पाण्यात सुटतात, मळी तर हवेतली ओलही ओढते. म्हणून हातसाच्याचा माल उन्हाळ्यात बनवून पावसाआधीच वापरावा किंवा विकावा. तो पावसाळ्यासाठी साठवण्यात अर्थ नाही.

मशीन लावणार असाल तर सुरुवात कच्च्या मालापासून. शेवटच्या वेचणीनंतर पऱ्हाटी उपटली की मुळांची माती झटकून घ्या. ती माती डाय झिजवते आणि कांडीत कच्च्या जागा सोडते. आपल्याकडचे एप्रिल-मेचे ऊन फुकटचा ड्रायर आहे. तेव्हाच वाळवून, तुकडे करून, हॅमर मिलमधून (हातोड्यांनी कुटणाऱ्या गिरणीतून) 6 ते 8 मि.मी. चाळणीने काढून शेडमध्ये भरा. थोडी बारीक पूड त्यात राहू द्या, ती कणांमधल्या फटी भरते. नुसते लांब धागे राहिले तर त्यांच्या कडेने पाणी आत शिरते.

मशीनमध्ये टाकताना ओल 8 ते 12 टक्के हवी. मोजायची रीत: 100 ग्रॅम नमुना 105 अंशांच्या ओव्हनमध्ये, वजन उतरायचे थांबेपर्यंत ठेवा. 90 ग्रॅम उरले तर ओल 10 टक्के. ओल जास्त असेल तर डायमध्ये वाफ कोंडते, कांडी तडतडत बाहेर येते आणि तिला आडव्या भेगा पडतात. अगदी कोरडा माल, साधारण 6 टक्क्यांच्या खालचा, नीट बांधला जात नाही, कारण लिग्निन मऊ व्हायला थोडी ओल लागतेच. पावसाळ्यात मशीन चालवणाऱ्याने हे मोजमाप रोज करावे. सकाळचा आणि दुपारचा माल सारखा नसतो.

पिस्टन प्रेसमध्ये (पिस्टनच्या ठोक्यांनी माल डायमध्ये दाबणारे मशीन) उष्णता घर्षणातून येते. दाब कमी पडतोय का, हे ओळखायला वजनकाटा पुरे. 90 मि.मी. व्यासाचा, 20 सें.मी. लांबीचा तुकडा साधारण 1,270 घन सें.मी. भरतो. त्याचे वजन 1.4 किलो आले तर घनता घन सें.मी.ला 1.1 ग्रॅम, म्हणजे काम ठीक. 1.15 किलो आले तर 0.9, असा तुकडा पाण्यात टाकला तर तरंगतो. त्याच मालात, त्याच ओलीत घनता उतरू लागली की झिजलेला डाय बदला, मोटरवर भार वाढवून भागत नाही. कांडी कूलिंग लाइनमधून (डायपुढच्या, कांडी गार होण्याच्या पट्टीतून) गरम असतानाच ओढून तोडू नका. तोडलेली खडबडीत तोंडे आणि भेगा याच पाणी पिणाऱ्या जागा.

स्क्रू प्रेसमध्ये (फिरत्या स्क्रूने माल रेटणारे मशीन) डाय बाहेरून साधारण 280 ते 300 अंशांपर्यंत तापवतात. कांडीची बाहेरची साल करपून काळी होते, मध्ये भोक असते. ही करपलेली साल ओलीला सगळ्यांत जास्त अडवते. गोंदिया-भंडाऱ्याच्या राईस मिलमधले भाताचे तूस यात चालते, पण त्यातली सिलिका (वाळूसारखा कठीण अंश) स्क्रू झपाट्याने झिजवते. स्क्रूवर कठीण धातूचे वेल्डिंग वारंवार करावे लागते, वीजही जास्त जाते. विकत घेणारा पावसाळाभर उचलत असेल तरच हा खर्च परवडतो.

कोळशाच्या पुडीच्या कांड्यांना पाण्याची भीती नाही, हा गैरसमज फार. कोळसा कच्च्या भुशापेक्षा ओल कमी धरतो, हे खरे; पण कांडीला धरून ठेवणारी खळ पाण्यात सुटते. 100 किलो पुडीला 5 किलोच्या आसपास स्टार्च, तोही पाण्यात शिजवून, पुरतो. वाढवला तर धूर आणि बुरशी वाढते, पाण्यापुढे टिकाव वाढत नाही.

विकण्याआधी प्रत्येक लॉटची परीक्षा घ्या. कांडीचे वजन करा, 25 मि.मी. खोल पाण्यात 30 सेकंद धरा, वरचे पाणी टिपून पुन्हा वजन करा. 500 ग्रॅमची 530 झाली तर तिने 6 टक्के पाणी प्यायले. हाच आकडा लॉटच्या वहीत ओल आणि घनतेशेजारी लिहा. कुठे बिघडले ते चार लॉटमध्ये कळते. पण डाय कोणताही असो, ब्रिकेट जलरोधक होत नाही. पिस्टनची चांगली कांडीही पाण्यात काही मिनिटे राहिली तर फुगून फुटते.

साठवताना माल पूर्ण गार होऊ द्या. गरम कांड्या प्लॅस्टिकच्या पोत्यात भरल्या तर आतली वाफ थेंब होऊन त्यांच्यावरच बसते. जमिनीपासून वीतभर उंच फळ्या, भिंतीपासून हातभर अंतर आणि ताडपत्री मालाला न टेकता वर ताणलेली. खळीच्या किंवा तरंगणाऱ्या कांड्या पुढे ठेवा, म्हणजे त्या आधी जळतील.