ऑटोमेशनमध्ये टीमनं लक्झरी कॉन्सेप्ट कार बनवताय? मग आधी हे वाचा

ऑटोमेशन या गाड्या डिझाइन करायच्या कॉम्प्युटर गेममध्ये एकट्यानं गाडी बनवणं वेगळं आणि चौघांनी मिळून बनवणं वेगळं, हे मला दोन गाड्या वाया गेल्यावर कळलं. एकटे असलो की मनात आलं ग्रिल बदललं, मनात आलं इंजिन फेकून दिलं, विचारतंय कोण. टीममध्ये मात्र चार डोकी आणि चाळीस मतं, त्यात लक्झरी म्हटलं की प्रत्येकाला आपली हौस त्याच एका गाडीवर भागवून घ्यायची असते. आमची पहिली गाडी पुढून बघितली तर गाडी कमी आणि झुंबर जास्त वाटत होती.

म्हणून गेम उघडायच्या आधी एकच गोष्ट ठरवा, ही गाडी मागे बसणाऱ्याची आहे की चालवणाऱ्याची. ऐकायला फालतू वाटतं पण पुढचं सगळं यावरच अडतं. मागे बसणाऱ्याची असेल तर चार सीट, लांब व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर), मऊ सस्पेन्शन, इंजिनचा आवाज जवळजवळ नाहीच. चालवणाऱ्याची असेल तर दोन दारांची कूपे, लांब बॉनेट, थोडा आवाज चालतो. दोन्ही एकात कोंबायला गेलात तर ना धड इकडची ना तिकडची.

आणि उधळपट्टी एकाच जागी करा. 2003 सालची कॅडिलॅक सिक्स्टीन ही कॉन्सेप्ट कार, म्हणजे विकायला नाही तर दाखवायला बनवलेली गाडी, बघा, 13.6 लिटरचं व्ही16 म्हणजे सोळा सिलिंडरचं इंजिन, 1000 हॉर्सपॉवर, सगळा माज त्या इंजिनाचा, आणि बॉनेट मधोमध बिजागरी लावून दोन्ही बाजूंनी उघडणारं, म्हणजे तेसुद्धा इंजिन दाखवायलाच. बाकी बॉडी किती शांत आहे बघा. कॉन्सेप्ट कार आहे म्हणून सगळंच अचाट पाहिजे असं काही नाही, एक गोष्ट अचाट आणि बाकीच्यांनी तिला वाट करून द्यायची.

आता गेममध्ये. आधी लगीन बॉडीचं. व्हीलबेस बॉडीबरोबरच येतो, त्यामुळे बॉडी निवडताना चौघंही एकत्र कॉलवर पाहिजेत आणि त्या दिवशीच ती लॉक करायची. फिक्श्चर, म्हणजे बॉडीवर चिकटवायचे दिवे-ग्रिलसारखे तुकडे, लावून झाल्यावर कुणी "ही दुसरी बॉडी जास्त भारी आहे" म्हणाला तर त्याला गप्प करा, कारण बॉडी बदलली की लावलेले दिवे-ग्रिल सगळं मातीत जातं आणि पुन्हा पहिल्यापासून. निवडताना दोन गोष्टी बघा. एक, पुढचं चाक आणि दार यांच्यातलं अंतर, ते जेवढं जास्त तेवढी गाडी उंची वाटते, कारण डोळ्याला कळतं की पुढे लांबलचक इंजिन आडवं न ठेवता गाडीच्या लांबीच्या दिशेनं ठेवलंय. दुसरं चाकाचा आकार. रोल्स-रॉइसवाले टायरची उंची गाडीच्या उंचीच्या निम्मी ठेवतात, हे प्रमाण आम्ही सरळ उचललं आणि गाडी एका झटक्यात सुधारली, खरंच.

मग कामं वाटा. एक जण इंजिन, एक जण चॅसी आणि सस्पेन्शन, एक जण बाहेरून, एक जण आतून. पण "हे राहणार, ते जाणार" असं शेवटचं म्हणणारा एकच माणूस ठेवा आणि शक्यतो तो स्टायलिंगवाला नको, त्याचा जीव आपल्या दिव्यांत अडकलेला असतो.

इंजिनवाल्यासाठी: व्ही12 घ्या. व्ही12 म्हणजे एका क्रँकवर (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्यावर) बसलेली दोन सरळ सहा सिलिंडरची इंजिनं, त्यामुळे प्रायमरी आणि सेकंडरी दोन्ही बॅलन्स आपोआप जुळतात, म्हणजे पिस्टनचे हादरे एकमेकांना मारतात, आणि गेममध्ये स्मूदनेस छान मिळतो. कॅम प्रोफाइल (व्हॉल्व्ह किती आणि किती वेळ उघडायचे ते ठरवणारं सेटिंग) खाली ठेवा, टॉर्क म्हणजे ओढ कमी आरपीएमला यायला हवी, 8000 आरपीएमचं स्वप्न इथे कामाचं नाही. सायलेन्सर दोन्ही रिव्हर्स फ्लो, म्हणजे आवाज जास्त दाबणारे, पॉवर थोडी जाते, जाऊ द्या. आणि हो, इंजिन बेमध्ये, म्हणजे बॉनेटखालच्या जागेत, इंजिन बसतंय का ते दर वेळी चेक करा. आमच्या चॅसीवाल्यानं मधेच पुढे डबल विशबोन हे दोन दांड्यांचं सस्पेन्शन टाकलं, त्यानं बेची रुंदी कमी झाली आणि आठवडाभर घासलेलं इंजिन बसेचना. कुणी कुणाला सांगितलंच नव्हतं.

सस्पेन्शनला कम्फर्ट प्रीसेट लावून मोकळे होऊ नका. मागची स्प्रिंग पुढच्यापेक्षा थोडी कडक ठेवा. खड्डा आधी पुढच्या चाकाला लागतो, मागच्याला जरा उशिरा, म्हणून मागची बाजू जरा जलद हलली तर ती पुढच्याला गाठते आणि गाडी होडीसारखी पुढे-मागे डुलायची थांबते. हे काही गेमचं गुपित नाही, मॉरिस ऑली नावाच्या इंजिनिअरनं 1930 च्या दशकात जनरल मोटर्समध्ये असताना हेच मांडलं होतं.

क्वालिटी स्लायडरवर (गेममध्ये प्रत्येक विभागाचा दर्जा वर-खाली करायची पट्टी) तर भांडणंच होतात, प्रत्येकाला आपला विभाग +15 हवा असतो. आम्ही घरचा नियम केला, सगळ्या टीमला मिळून 40 पॉइंट, हवे तर इंजिनवाल्यानं इंटीरिअरवाल्याकडून मागून घ्यायचे. मागायला लागलं की माणूस आपोआप हात आखडता घेतो.

आता स्टायलिंग, इथे सगळ्यात जास्त वेळ जातो आणि जायलाच पाहिजे. आधी फक्त तीन गोष्टी लावा, ग्रिल, हेडलाइट, टेललाइट. बाकी काही नाही. रंग साधा राखाडी, मॅट, म्हणजे चमक डोळ्यांत धूळ फेकणार नाही. मग फोटो मोडमध्ये फील्ड ऑफ व्ह्यू, म्हणजे कॅमेऱ्यात मावणारा कोन, कमी करून लांबून बघा, जवळून मोठ्या फील्ड ऑफ व्ह्यूनं बघितलं की नाक फुगलेलं दिसतं आणि तुम्ही उगाच ग्रिल बारीक करत बसता. आम्ही एक रात्र हेडलाइटवर घालवली. पातळ पट्टी, ग्रिलच्या वरच्या कडेच्या रेषेत, तरी गाडी झोपाळू दिसायची. शेवटी बाहेरचं टोक जेमतेम बोटभर वर उचललं आणि गाडी एकदम जागी झाली. क्रोम लावताना एकच रेषा निवडा, खिडकीभोवती किंवा खाली दारांवर, दोन्हीकडे नाही. व्हेंट, म्हणजे हवेच्या फटी, तर एकही नको, लक्झरी गाडीला धापा टाकायची गरज नसते.

आतलं काम थ्रीडी फिक्श्चरनं करायचं म्हणजे कंटाळा येतो, पण डॅशबोर्डसाठी पन्नास तुकडे जोडू नका, एफपीएस बोंबलतो, म्हणजे गेम अडखळतो. मोठे सपाट आकार घ्या, स्क्रीन एकच, आणि मागच्या सीटवरून काय दिसतं तिथून कॅमेरा लावून बघा.

फाइलचा नियम कडक ठेवा. एका वेळी फाइल एकाकडेच, नाव देताना नंबर आणि कोणी बदललं ते लिहा, "फायनल", "फायनल2", "खरंच फायनल" असली नावं बंद. सगळ्यांचं गेम व्हर्जन एकच पाहिजे, एकानं ओपन बीटा, म्हणजे अजून चाचणीत असलेलं नवं व्हर्जन, घेतला की त्याची फाइल बाकीच्यांकडे उघडत नाही. स्टीम वर्कशॉपमधल्या मॉड बॉडी, मॉड फिक्श्चर (इतर खेळाडूंनी बनवलेल्या) वापरणार असाल तर यादी आधीच ठरवून सगळ्यांनी सबस्क्राइब करा.

झालं की बीमएनजी या गाडी चालवायच्या गेममध्ये एक्स्पोर्ट करून प्रत्येकानं अर्धा तास चालवायची, तीही हळू, 40 च्या स्पीडनं खराब रस्त्यावर. टॉप स्पीड कुणीही काढतं. आमची गाडी 40 ला मस्त तरंगत होती, फक्त पहिल्याच चढावर तो लांब पुढचा बंपर खाली घासला, मग चॅसीवाल्यानं राइड हाइट वाढवली आणि ते टायरचं निम्म्याचं प्रमाण बिघडलं म्हणून स्टायलिंगवाला दोन दिवस बोलत नव्हता.